निवडणुकीतले गुन्हे: निकाल लागल्यावर त्या केसचं पुढे काय होतं?

गोदाकाठ

२०२४च्या विधानसभेला मतदान दोन दिवसांवर आलं असताना निवडणूक आयोगाने आकडा जाहीर केला. रोकड, दारू, अमली पदार्थ, सोनं-चांदी आणि वाटपाच्या वस्तू मिळून महाराष्ट्रात सुमारे ६६० कोटींचा ऐवज पकडला होता. २०१९च्या विधानसभेला हीच रक्कम १०४ कोटींच्या आसपास होती. म्हणजे पाच वर्षांत सहापट.

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवतो. आमच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या यादीवर, मतदारांना पैसे वाटल्याच्या केसेस काही सहापट झालेल्या दिसत नाहीत. दर निवडणुकीला पकडणारी यंत्रणा मोठी होते. पथकं, कॅमेरे, नाके, अ‍ॅप, सगळं वाढतं. शिक्षेपर्यंत नेणारी यंत्रणा मात्र आहे तिथेच आहे. मतमोजणी झाली की गुन्ह्याची बातमी संपते आणि फाइल कपाटात जाते. त्या फाइलचं पुढे काय होतं हे आपण विचारतच नाही, म्हणून हा धागा.

आधी कायद्याची बाजू मांडतो. मत देण्यासाठी पैसे देणं किंवा घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे लाच आहे. शिक्षा कलम १७३ मध्ये आहे: जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नुसतं जेवण-दारू घातली असेल तर फक्त दंड. १ जुलै २०२४ला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली तेव्हा हे कलम कडक होईल अशी आशा होती. झालं एवढंच की १७१-ई चं १७३ झालं. उमेदवाराच्या संमतीशिवाय त्याच्यासाठी खर्च केला तर पूर्वी ५०० रुपये दंड होता, तो १०,००० झाला. खर्चाचा हिशेब न ठेवल्याचा दंड ५०० वरून ५,००० वर गेला. लाचेची शिक्षा होती तीच राहिली.

आणि गुन्हा अदखलपात्रच राहिला. याचा अर्थ असा की पोलीस नाव-गाव लिहून घेतील, एनसी (अदखलपात्र नोंद) देतील, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकत नाहीत. मतदानाच्या आदल्या रात्री अकरा वाजता तो आदेश आणायचा कुठून? मग घाईत एफआयआर होते, दोन-तीन वर्षांनी आरोपीचा वकील हायकोर्टात जातो, ‘परवानगी न घेता तपास केला’ एवढ्याच मुद्द्यावर ती रद्द होते. बचाव पक्षाकडून मीही हा मुद्दा मांडलेला आहे. कायदेशीर मुद्दा आहे, वकिलाने मांडायलाच हवा. पण तो मुद्दा कायद्यात ठेवलाच का, हा प्रश्न संसदेला विचारायचा आहे. हा गुन्हा दखलपात्र करा असं निवडणूक आयोग कित्येक वर्षं सांगतोय.

तुमच्या भागातल्या केसेसचं काय झालं, ते लिहा. नुसते आरोप नकोत, पुढचा प्रवास सांगा.

---

निवृत्त_नायब

गोदाकाठ, विषय काढलात हे बरं झालं. मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. अनेक निवडणुकांत भरारी पथकाचा प्रमुख होतो.

आधी तो ६६० कोटींचा आकडा नीट समजून घ्यायला हवा. जप्ती झाली म्हणजे गुन्हा झाला असं होत नाही. नाक्यावर गाडी थांबवली, कागद नसलेली रोकड सापडली की स्थिर पथक ती ताब्यात घेतं. दहा लाखांच्या वर असेल तर आयकर विभागाला कळवायचं. ती रक्कम कांद्याच्या व्यापाऱ्याचीही असू शकते, लग्नाच्या बस्त्याचीही असू शकते. म्हणून जिल्ह्यात एक समिती असते, जिल्हा परिषदेच्या सीईओंच्या अध्यक्षतेखाली. एफआयआर झालेली नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त काळ ती रोकड कोषागारात अडकवून ठेवायची नाही असा आयोगाचा नियम आहे. नियम योग्य आहे, सामान्य माणसाचे हाल होऊ नयेत. पण टीव्हीवर दाखवलेल्या रकमेतली बरीचशी या वाटेने परत जाते, आणि ते कुणी दाखवत नाही.

आता खऱ्या वाटपाची केस. आम्ही एका वस्तीवर रात्री पोचलो. पोराच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत पाकिटं. पाकिटांवर नावं नव्हती, पेन्सिलने नुसते आकडे: ४, ६, ३. बाजूला मतदारयादीच्या त्या भागाच्या झेरॉक्स, घर क्रमांकापुढे तेच आकडे. म्हणजे घरात किती मतं, तेवढ्याचं पाकीट. इतका चांगला पुरावा क्वचित मिळतो. आम्ही व्हिडिओ केला, पंचनामा केला, पाकिटं एकेक करून मोजली, यादीवर पंचांच्या सह्या घेतल्या.

पुढे काय झालं? पंच गावातलेच दोघे. कोर्टात एकजण म्हणाला, सही माझी आहे पण कोऱ्या कागदावर घेतली. दुसरा म्हणाला, मी लांब उभा होतो. व्हिडिओची सीडी मुद्देमालात होती, पण तिच्यासोबत लागणारं प्रमाणपत्र कुणी जोडलं नव्हतं, म्हणून ती वाचलीच गेली नाही. मी तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलो होतो. समन्स जुन्या कार्यालयात यायचं आणि तिथून परत जायचं. व्हिडिओग्राफर कंत्राटी, तो सापडलाच नाही. पोरगा निर्दोष सुटला. पैसे कुणी दिले हे तर त्याला कुणी नीट विचारलंही नव्हतं.

मला त्या पोराला शिक्षा झाली नाही याचं वाईट वाटत नाही. वरचा माणूस चित्रात आलाच नाही, याचं वाटतं.

---

शाल्मली

मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोदाकाठ सर, एक शंका. फौजदारी केस आणि निवडणूक याचिका हे दोन वेगळे मार्ग आहेत ना? याचिका थेट हायकोर्टात चालते, तिथे भ्रष्ट आचरण सिद्ध झालं तर निवडच रद्द होते. उमेदवाराला धाक कैदेचा नसतो, पद जाण्याचा असतो. मग भर याचिकेवर का देत नाही?

---

गोदाकाठ

शाल्मली, बरोबर आहे. निकालानंतर ४५ दिवसांत याचिका दाखल करायची असते, आणि ती सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा असं लोकप्रतिनिधित्व कायद्यातच लिहिलंय. देशातला सगळ्यात मोठा निकाल याच मार्गाने आला. १२ जून १९७५ला अलाहाबाद हायकोर्टाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. पण तिथेही निवडणूक १९७१ची होती.

आपल्याकडचं विलेपार्ले घ्या. पोटनिवडणुकीचं मतदान १३ डिसेंबर १९८७. उमेदवार डॉ. रमेश प्रभू, प्रचाराची भाषणं बाळासाहेब ठाकऱ्यांची. धर्माच्या नावावर मत मागितलं म्हणून मुंबई हायकोर्टाने १९८९ मध्ये निवड रद्द केली. सुप्रीम कोर्टाचा निकाल ११ डिसेंबर १९९५ला आला, निवड रद्दच राहिली. ती विधानसभा १९९०लाच संपली होती. ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं काढून घेण्याचा आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये, आणि सहा वर्षं मोजली १९९५च्या निकालापासून. भाषणं ८७ची, आदेश ९९चा.

सांताक्रूझचं तर त्याहून लांबलं. १९९०ची निवडणूक, अभिराम सिंह यांची निवड हायकोर्टाने १९९१ मध्ये रद्द केली. अपिलातला कायद्याच्या अर्थाचा प्रश्न सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींपुढे गेला आणि २ जानेवारी २०१७ला चार विरुद्ध तीन असा सुटला. कायदा म्हणून तो निकाल फार मोलाचा आहे: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागता येणार नाही. पण १९९० मध्ये सांताक्रूझमध्ये ज्यांनी मत दिलं, त्यांच्यापैकी किती जणांना तो आपल्या निवडणुकीचा निकाल वाटला असेल?

शिवाय याचिका करायला पैसे लागतात, हरलेला उमेदवार थकलेला असतो, आणि बऱ्याचदा पुढच्या निवडणुकीपर्यंत याचिका करणारा आणि ज्याच्यावर केली तो, दोघे एकाच पक्षात असतात. मग साक्षीला कोण उभं राहणार?

---

माणदेशी

तुम्ही सगळे आमदार-खासदारांचं बोलताय. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, खालचं सांगते.

आमच्याकडे निवडणुकीचा कायदा लगेच लागतो. निवडणूक झाली की ठरलेल्या मुदतीत खर्चाचा हिशेब द्यायचा. नाही दिला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र. हरलेल्यालाही लागू, बिनविरोध आलेल्यालाही लागू. आमच्या शेजारच्या गावात बिनविरोध निवडून आलेल्या बाईंचं पद असंच गेलं. एक रुपया खर्च केला नव्हता, म्हणून हिशेब कशाचा द्यायचा असं त्यांना वाटलं. शून्याचाही हिशेब द्यावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. विरोधकांनी अर्ज केला, जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आला, पद गेलं.

हिशेब द्यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण विधानसभेला चाळीस लाखांची मर्यादा असते, आणि एकेका सभेला किती खर्च होतो ते आम्ही डोळ्यांनी बघतो. कागदावर सगळ्यांचा खर्च मर्यादेच्या आत. कागद वेळेवर दिला म्हणून ते पात्र, आणि खरोखर शून्य खर्च करणारी बाई अपात्र.

---

पणजीकर

माणदेशीताई, मर्यादेवरून आठवलं. आमच्या गोव्यात विधानसभेला २८ लाखांची मर्यादा आहे. मतदारसंघ लहान, सरासरी तीस हजारांच्याही आत मतदार. म्हणजे माणशी साधारण शंभर रुपये उमेदवार कायदेशीरच खर्च करू शकतो. महाराष्ट्रात चाळीस लाख भागिले तीन लाखांवर मतदार, माणशी बारा-तेरा रुपये होतात.

आणि ही मर्यादा फक्त उमेदवाराला आहे. पक्षाच्या खर्चाला कायद्यात वरची सीमाच नाही. स्टार प्रचारकाचं विमान-हेलिकॉप्टर उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. एवढं मोठं दार उघडं असताना खर्चाच्या कलमाखाली कुणी मोठा माणूस सापडणं कठीणच.

---

छपाईवाला

माझा तालुक्याच्या गावी छापखाना आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ आमच्यासाठी. कुठल्याही प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापण्याआधी प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांनिशी लेखी घोषणापत्र घ्यायचं, छापल्यावर पत्रकाची प्रत आणि घोषणापत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. मोडलं तर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. निवडणूक लागली की तहसीलमध्ये आम्हा सगळ्यांची बैठक होते, नोटीस देतात.

मी हे पाळतो. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव, पत्ता, प्रती किती, सगळं टाकतो. गेल्या काही वर्षांत बदल असा झालाय की बदनामीची निनावी पत्रकं आमच्याकडे येतच नाहीत. ती आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. मोबाइलवर बनतात, हजार ग्रुपवर फिरतात, खाली कुणाचं नाव नसतं. एका फ्लेक्सवर नाव राहिलं म्हणून माझ्या एका व्यवसायबंधूवर केस झाली, आणि त्याच आठवड्यात गावभर फिरलेल्या खोट्या ऑडिओ क्लिपचा धनी कोण हे कधी कळलंच नाही. कायदा कागदाच्या काळातला आहे, त्यामुळे ज्याच्याकडे कागद आहे तोच त्याच्या हाती लागतो.

---

शाल्मली

छपाईवाला काका, तुमच्या म्हणण्याला आयोगाचेच आकडे दुजोरा देतात. २०२४च्या लोकसभेची घोषणा झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अ‍ॅपवर ७९,००० हून जास्त तक्रारी आल्या. त्यातल्या ५८,५०० बेकायदा होर्डिंग-बॅनरच्या, म्हणजे चारांतल्या तीन. पैसे, भेटवस्तू, दारू वाटपाच्या तक्रारी १,४०० हून थोड्या जास्त. ९९ टक्के तक्रारी निकाली निघाल्या, बहुतेक शंभर मिनिटांत, असं आयोगाने अभिमानाने सांगितलं.

बॅनर उतरवला की तक्रार निकाली. पण पैसे वाटपाची तक्रार शंभर मिनिटांत ‘निकाली’ काढायची म्हणजे काय? पथक पोचलं, तिथे कुणी नव्हतं, शेरा मारला. अ‍ॅपच्या हिशेबात दोन्ही सारखंच.

---

रानवेध

चंद्रपूर जिल्ह्यातून लिहितोय, एका छोट्या साप्ताहिकात काम करतो. राजुऱ्याचं इथे यायलाच हवं, कारण गुन्ह्याचा प्रकार कसा सरकतोय ते त्यातून दिसतं.

पूर्वी बोगस मतदान म्हणजे केंद्रावर दुसऱ्याच्या नावावर जाऊन शाई लावून येणं. पोलिंग एजंट गावातला असेल तर तो चेहरा ओळखायचा, दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजुरा मतदारसंघात काय घडलं? नवीन मतदार नोंदणीसाठी ऑनलाइन आलेले सहा हजार आठशेहून जास्त अर्ज बनावट निघाले. ते नाकारले गेले, राजुरा पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ही यंत्रणेची चांगली कामगिरी म्हणायला हवी, नावं यादीत जाण्याआधी अडवली. वर्षभराने हेच प्रकरण देशभर गाजलं.

आता बघा, खोटी माहिती देऊन नाव नोंदवण्याला १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३१ खाली जास्तीत जास्त एक वर्ष. एकाने एक खोटा अर्ज केला तरी तेच कलम, कुणी यंत्र लावून हजारो केले तरी तेच. अशा केसचा सगळा पुरावा मोबाइल नंबर, ओटीपी आणि आयपी पत्त्यात असतो. तालुक्याच्या ठाण्यात हे शोधणारा माणूस कुठून येणार? आणि माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती लवकर दिली नाही तर सर्व्हरवरच्या नोंदी पुसल्या जातात. इथे चार-चार महिने पत्रव्यवहार करत बसणं म्हणजे केस मारणं आहे.

---

उत्तरवाट

सगळं वाचलं. मला खटल्यांच्या मागे लागणं व्यर्थ वाटतं. वीस वर्षांनी निकाल लागणार असेल तर शिक्षेचा उपयोग काय? त्यापेक्षा निवडणूकच रद्द करा. तामिळनाडूत आयोगाने केलंय. २०१६ला अरवकुरिची आणि तंजावर, एप्रिल २०१७ला आर. के. नगरची पोटनिवडणूक, २०१९ला वेल्लोर लोकसभा. पैसा सापडला, निवडणूक थांबवली. महाराष्ट्रात एकदा एक मतदारसंघ असा रद्द होऊ दे, सगळे सरळ होतील.

---

निवृत्त_नायब

उत्तरवाट, आपल्याकडेही झालंय की. जानेवारी २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुका आठवा. नाशिक जिल्ह्यातलं देवळा तालुक्याचं उमराणे, आणि नंदुरबारचं खोंडामळी. उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली, खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. पैसा गावच्या मंदिरासाठी द्यायचा असं ठरलेलं. बोलीचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली आणि गुन्हे नोंदवायला सांगितलं. आयोगाचे तेव्हाचे आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी हा निर्णय लवकर घेतला, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

उमराणे म्हणजे कांद्याची मोठी बाजारपेठ. बोली लावायची सवय तिथल्या माणसाच्या अंगात आहे, पण पद लिलावात काढलं की गरीब घरातल्या उमेदवाराचा अर्जच येत नाही. ‘गावाने एकमताने ठरवलं, देवळाला पैसा मिळाला, वाईट काय?’ असं मला कित्येकांनी विचारलं. वाईट हे की त्या एकमतात ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याला जागा नाही. आणि लिलाव व्हिडिओत सापडला म्हणून कारवाई झाली. बंद खोलीत ‘बिनविरोध’ ठरवणारी गावं सुखाने नांदताहेत.

---

गोदाकाठ

उत्तरवाट, रद्द करणं हा उपाय कधीकधी लागतोच. पण वेल्लोरला पुन्हा मतदान ऑगस्ट २०१९ मध्ये झालं तेव्हा उमेदवार तेच होते. मतदाराला दोनदा रांगेत उभं केलं, सरकारचा खर्च दोनदा झाला. पैसे वाटणाऱ्याला वैयक्तिक काही झालंच नाही तर तो पुढच्या वेळी जास्त जपून वाटेल, एवढाच फरक.

शिक्षा होऊच शकत नाही असंही नाही. मलोत कविता, तेलंगणातल्या महबूबाबादच्या तेव्हाच्या खासदार. २०१९च्या प्रचारात त्यांचा एक माणूस मतदारांना पाचशे-पाचशे वाटताना भरारी पथकाने पकडला. हातात सापडले नऊ हजार चारशे रुपये. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये त्या माणसाला आणि खासदारांनाही सहा महिने कैद आणि दहा हजार दंड ठोठावला. पदावर असलेल्या खासदाराला मतदारांना लाच दिल्याबद्दल शिक्षा होण्याची ती पहिलीच वेळ. अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, तो त्यांचा हक्क आहे. पण अवघ्या दोन वर्षांत केस निकालापर्यंत गेली, आणि पिशवी धरणाऱ्या माणसापाशी थांबली नाही. रक्कम दहा हजारांच्याही आत होती हे लक्षात घ्या. कोट्यवधीची जप्ती लागत नाही. पथकातल्या अधिकाऱ्यांनी येऊन साक्ष दिली आणि खासदार-आमदारांसाठीचं वेगळं न्यायालय होतं, म्हणून ते झालं.

आता आपल्याकडची एक केस, उलट टोकाची. २०१४च्या प्रतिज्ञापत्रात दोन फौजदारी प्रकरणं लिहिली नाहीत म्हणून देवेंद्र फडणवीसांवर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली खासगी तक्रार झाली. मॅजिस्ट्रेटने ती फेटाळली, सत्र न्यायालयाने परत पाठवली, हायकोर्टाने फडणवीसांच्या बाजूने निकाल दिला, ऑक्टोबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस पुन्हा उभी केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मला निकालाबद्दल काही म्हणायचं नाही, कोर्टाने पुरावा पाहून दिला. म्हणणं वेळेबद्दल आहे. प्रतिज्ञापत्र बरोबर की चूक हे कळायला नऊ वर्षं लागली. मतदाराचंही नुकसान, आरोपी निर्दोष असेल तर त्याचंही. विधी आयोगाने २०१४च्या २४४व्या अहवालात खोट्या प्रतिज्ञापत्राला किमान दोन वर्षं शिक्षा आणि अपात्रता सुचवली. कायद्यात आजही सहा महिनेच आहेत.

---

शाल्मली

सर, घाई झाली तरी धोका आहे ना? उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे आझम खान. २०१९च्या प्रचारातल्या भाषणावरून ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी लगेच गेली, डिसेंबरात पोटनिवडणूकही उरकली. मे २०२३ मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले. गेलेली जागा परत कशी मिळणार? म्हणून मला वाटतं, पहिला निकाल आणि अपील दोन्हींना मुदत हवी. एकाच बाजूला वेग आला तर कुणाची केस पळवायची आणि कुणाची झोपवायची, हे सत्तेच्या हातात जाईल.

---

गोदाकाठ

पटलं. म्हणूनच ऑगस्ट २०२१चा सुप्रीम कोर्टाचा आदेश महत्त्वाचा आहे: हायकोर्टाच्या परवानगीशिवाय खासदार-आमदारांवरचे खटले सरकारला मागे घेता येणार नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर हायकोर्टांनी अशा खटल्यांवर स्वतः लक्ष ठेवावं असंही सांगितलं. सरकार बदललं की केसेस काढून घ्यायच्या, ही वाट त्यामुळे अरुंद झाली. पण हे झालं पदावर असलेल्या किंवा राहिलेल्या लोकांचं. हरलेला उमेदवार, कार्यकर्ता, ठेकेदार, यांच्या केसेस साध्या बोर्डावरच.

---

रानवेध

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघाचं कुणी लिहिलं नाही. २००९ची निवडणूक, अशोक चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री. वर्तमानपत्रांतून पानंच्या पानं कौतुक, ‘अशोक पर्व’ वगैरे, आणि खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथांनी ते बाहेर काढलं. हिशेब खरा की खोटा हे तपासायचा आयोगाला अधिकार आहे, हे सुप्रीम कोर्टाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केलं. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नाही असं ठरवून नोटीस काढली, सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. विधानसभेची पाच वर्षं त्यातच संपली.

आमच्या धंद्याला तो निकाल जिव्हारी लागायला हवा होता. बातमी विकत घेतली हे सिद्ध करायचं तर देणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने कबूल करायला हवं, आणि दोघेही कधी करत नाहीत. आजही ‘पॅकेज’ हा शब्द प्रत्येक निवडणुकीत कानावर येतो.

---

माणदेशी

मला एक विचारायचंय. मतदाराने पुढे येऊन सांगितलं की मला अमक्याने हजार रुपये दिले, तर पैसे घेतले म्हणून तोच गुन्हेगार ठरतो ना? आमच्या बचतगटातल्या बायका याच भीतीने गप्प बसतात. एकीच्या घरी पाकीट टाकून गेले, तिला ते नकोच होतं. काय करायचं तिने?

---

गोदाकाठ

ताई, फार महत्त्वाचा प्रश्न. कायदा देणारा आणि घेणारा दोघांनाही लाचेत धरतो. निवडणूक याचिकेत साक्षीदाराला थोडं संरक्षण आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे जो साक्षीदार खरी उत्तरं देतो, त्याला हायकोर्ट संरक्षणाचं प्रमाणपत्र देतं. फौजदारी केसमध्ये तशी तरतूद नाही, आणि माझ्या मते दुरुस्ती करायचीच तर पहिली इथे करावी. जो स्वतःहून पाकीट आणून जमा करतो, त्याला आरोपी करणार नाही असं कायद्यात स्पष्ट लिहावं.

त्या बाईंनी पाकीट खर्च न करता, शक्यतो न उघडता, त्याच दिवशी भरारी पथकाला किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी अर्जासह द्यावं. अर्जात वेळ, कोण आलं, काय म्हणालं, सोबत कोण होतं. पोच घ्यावी. घेण्याची इच्छा नव्हती हे त्या पोचेवरून दिसतं. एकटीने जाण्यापेक्षा गटाने जावं.

---

निवृत्त_नायब

आणि अर्ज देताना पथकाला पाकिटाचा फोटो तुमच्यासमोर काढायला सांगा, नोटांचे नंबर पंचनाम्यात घ्यायला सांगा. अधिकारी कंटाळा करतात, पण तुम्ही मागितलं तर लिहावंच लागतं.

---

उत्तरवाट

ठीक, माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पण केस झाल्यावर सामान्य माणसाने तिच्यावर लक्ष ठेवायचं कसं? एफआयआर झाली एवढीच बातमी येते.

---

गोदाकाठ

बातमीतून तीन गोष्टी टिपून ठेवायच्या: पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं. कलमांत नुसतं २२३ असेल, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडल्याचं जुनं १८८, तर सावध व्हा. त्यात संबंधित सरकारी अधिकाऱ्याने स्वतः कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते, पोलिसांच्या दोषारोपपत्रावर कोर्ट दखल घेऊ शकत नाही. आचारसंहिताभंगाच्या कितीतरी केसेस इथेच पडतात. तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारायचं: अमुक गुन्ह्यात अशी तक्रार कोर्टात दाखल केली का, कोणत्या तारखेला.

लाचेचं कलम असेल तर मुदत एक वर्ष. वर्षाच्या आत दोषारोपपत्र गेलं नाही तर कोर्ट सहसा दखल घेत नाही. म्हणून निकालानंतर सहा-आठ महिन्यांनी पहिली चौकशी करा, वर्ष उलटल्यावर नको. दोषारोपपत्र गेलं की केसला नंबर पडतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकलं की तारखा, साक्षीदारांची अवस्था, सगळं मोफत दिसतं. समरी रिपोर्ट पाठवून गुन्हा बंद करायचा प्रयत्न होत असेल तर मूळ तक्रारदाराला कोर्टाची नोटीस यायला हवी, आणि त्याला विरोध करता येतो.

---

माणदेशी

आमच्या तालुक्यात गेल्या विधानसभेला तीन गुन्ह्यांच्या बातम्या आल्या होत्या, कात्रणं आहेत माझ्याकडे. तिन्हींचे नंबर काढून इथे टाकते. रानवेध, अर्जाचा नमुना असेल तर द्या.

---

रानवेध

देतो, आज रात्री टाकतो. अर्ज तहसीलदारांच्या नावे नका करू, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, आणि प्रत्येक गुन्ह्यासाठी वेगळा अर्ज करा. एकत्र केला तर एकाच गुन्ह्याचं उत्तर देऊन बाकीचं टाळतात.